आमच्या टॉकीजमधले जपानी

टॉकीजच्या खुर्च्यांखाली शेंगदाण्याची टरफलं कशी साठतात, पायलं का? झाडणारा रोज झाडतो, तरी खुर्ची हलवली का परत निघतात. आमच्या किश्श्यांचं तसंच हाय. एक सांगून संपवला का त्याच्या खालून दुसरा निघतो. आता खुर्ची हललीच हाय तर ऐका.

आधी माणसं सांगतो. हिंगोलीत एक जुनं सिंगल स्क्रीन टॉकीज हाय. मालक दिगंबरकाका. मशीन चालवणारे बाबूभाई. कॅन्टीनवाला शेषराव. अन आमी तिघं. गजा कोचिंग क्लासला इंग्रजी शिकवतो, वैष्णवी ड्रॉइंग टीचरचा कोर्स करून राहिली, अन मी काय करतो हे आमच्या घरी पण कोणाला ठाऊक न्हाई.

टॉकीज चालत न्हवतं. हळदीचे व्यापारी रतनशेठ काकांच्या मागं लागले व्हते, "खुर्च्या काढा, हॉल मला गोदामाला द्या." काका जवळपास व्हय म्हणलेच व्हते. तेवढ्यात वैष्णवी आडवी आली. तिला जपानी पिच्चरचं वेड. ते हातानं काढलेले असतात ना, ते. तिचं म्हणणं, हे पिच्चर मोबाइलवर पाहणं म्हणजे लग्नाचं जेवण फोटोत पाहणं!

काका म्हणले, "कार्टून? लेकरं तरी येतील का?"

मग आमी काकांनाच उचललं अन नांदेडला नेलं.

*

नांदेडला मॉलमधी असा एक पिच्चर लागला व्हता. काका पूर्ण वेळ हाताची घडी घालून बसले. हसले न्हाईत, पॉपकॉर्नला हात लावला न्हाई. वैष्णवीचं तोंड एवढंसं झालं. परतीची बस धरली. कळमनुरीला बस थांबली, चहा आला, अन काका एकदम म्हणले,

"ते कुत्रं पायलं का?"

"कोणतं कुत्रं?"

"पोरगी सायकलवर जाऊन राहिली तवा बांधावर बसलेलं. वारा आला अन त्याच्या एकाच अंगाचे केस उभे राहिले. एकाच अंगाचे! वाऱ्याकडल्या!"

गजा म्हणला, "पण काका, त्या कुत्र्याचा ष्टोरीशी काही संबंधच न्हवता."

"आरं म्हणूनच तर! संबंध नसलेल्या कुत्र्यासाठी कोणीतरी बसून एक एक केस काढला ना!"

वैष्णवीनं समजावून सांगितलं, पापणी लवायच्या आत कितीतरी चित्रं बदलतात, अन सगळी माणसानं हातानं काढलेली. काका गंभीर झाले. चहाचा कप खाली ठेवला.

"मग कुत्र्यावाल्या माणसाला घरी काय विचारत असतील? आज काय केलं? तर म्हणे, शेपूट."

हिंगोलीचा स्टँड आला तवा काका म्हणले, "रविवार सकाळचा शो तुमचा. नवी हळद बाजारात येईस्तोवर. लोकं आले तर ठीक. न्हाई तर पोती."

म्हणजे आमच्या हातात एक हिवाळा व्हता.

*

जपानी पिच्चरला इंटरव्हल नसतो. अन इंटरव्हल नसला तर शेषरावला काही अर्थ नसतो. म्हणून काकांनी बाबूभाईंना सांगितलं, "तुमीच बघून कुठंतरी थांबवा."

बाबूभाईंचा आयुष्यभराचा नियम एकच. व्हिलननं हिरोच्या आईला उचललं का थांबवायचं. पब्लिक टेन्शनमधी बाहेर येते, अन टेन्शनमधी माणूस भजे जास्त खातो.

पहिला रविवार. बाबूभाई बटणावर बोट ठेवून बसले. पिच्चर असा की एक पोरगा मामाच्या गावी जाऊन छत्र्या दुरुस्त करायला शिकतो. बस. एकदा शेजारचा दुकानदार दात-ओठ खात आला. बाबूभाईंचं बोट दाबलं जाणार, तेवढ्यात त्या माणसानं छत्री दुरुस्तीला दिली अन राम राम करून गेला. एकदा ढग गरजले. निसते गरजले. एकदा मामा रागावला, पण मामीनं त्याला भात वाढला.

पिच्चर संपला. लाइट लागले. शेषराव भज्यांचं अख्खं पातेलं घेऊन दारात उभा. लोकं त्याच्या बाजूनं निघून चालले, चेहऱ्यावर एवढं समाधान की भूकच न्हाई!

बाबूभाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "मेरेकू मत देखो! विलन आयाच नै!"

शेषराव म्हणला, "पुढच्या टायमाला मी व्हतो व्हिलन. पण थांबवा!"

*

बोलणं जपानीत, खाली अक्षरं इंग्रजीत. आमचं पब्लिक दोन्हीकडून मोकळं. म्हणून गजाला माइक दिला. त्यानं अक्षरं वाचायची अन आपल्या भाषेत सांगायचं.

गजा मास्तर माणूस. पडद्यावरची पोरगी एक शब्द बोलली का हा पाच मिनिटं समजावणार. "तर मंडळी, ती म्हणून राहिली की दादा, तू गेलास तवापासून घरात कसं सुनं सुनं वाटून राहिलं..." अन पडद्यावरचा म्हातारा लांबलचक बोलला, हात हलवले, आभाळाकडं बोट दाखवलं, तर गजा म्हणला, "काही न्हाई. नाराज हाय."

एका रविवारी ऐन मध्यावर माइक बंद पडला. गजा घामाघूम. वायर हलवली, माइक आपटला, काहीच न्हाई. पिच्चर तसाच चालू राहिला. लोकं जिथं हसायचं तिथं हसले, जिथं गप व्हायचं तिथं गप झाले. शेवटाला पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे पण पुसले.

गजाला हे लागलं. बाहेर येऊन एका मावशीला विचारलं, "मावशी, समजला का पिच्चर?"

"समजला की."

"माझ्याबिगर?"

"व्हय."

"मग मी येवढे दिवस काहून ओरडून राहिलो?"

मावशीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आमाला वाटलं लेकरा, तुला बोलायची सवय हाय."

*

हा किस्सा माझा. शेषराव एकदा मला म्हणला, "एवढी चित्रं हातानं काढतात म्हणता, मग काढतात कुठं बसून?"

मी म्हणलं, "पडद्यामागं."

"आँ?"

"चार जपानी आलेत. मागं बसून काढून राहिले. म्हणून तर शो आठवड्यातून एकदाच असतो. बोटं दुखतात बिचाऱ्यांची."

मी तोंड सरळ ठेवून बोलतो, हा माझा एकच गुण. शेषराव परत भजे तळायला लागला. मी विसरून पण गेलो.

पुढच्या रविवारी पाहतो तर शेषराव ट्रेमधी चार कप घेऊन पडद्यामागं निघाला. मी अडवणार व्हतो, पण खरं सांगतो, मला पाहायचं व्हतं. तो आत गेला, ट्रे ठेवला, पावलं न वाजवता वापस आला. मला म्हणला, "अंधारात दिसले न्हाईत, पण कामात असतील. कशाला डिस्टर्ब करा."

शो संपल्यावर मी पोटभर हसायची तयारी करून त्याच्यासोबत मागं गेलो. पडद्यामागं भिंत, एक शिडी, अन ट्रे.

चारी कप रिकामे!

शेषराव म्हणला, "साखर बराबर झाली वाटतं."

तवापासून दर रविवारी चहा जातो. माझी विचारायची हिंमत न्हाई.

*

एका पिच्चरमधी गावचं तळं रात्री उठून चालायला लागतं. बाईनं पदर सावरावा तसे काठ सावरतं अन डोंगर चढून निघून जातं. मग एक पोरगी त्याला शोधायला निघते.

पाणी उभं राहिलं तवा हॉलमधी कोणी खोकललं पण न्हाई. मी मागं वळून पायलं. सगळ्यांचे चेहरे निळे, तोंडं उघडी. म्हातारे-कोतारे पण एकदम पाच वर्षांचे दिसून राहिले व्हते. वैष्णवी पडद्याकडं पाहतच न्हवती. ती त्या तोंडांकडं पाहून राहिली व्हती.

अन मग मधूनच एक आवाज आला, "हां! आता समजलं आमच्याकडलं पाणी कुठं जातं!"

हे औंढ्याकडचे तुकारामबापू. यांचं शेत कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. अख्खा हॉल हसला. बापू हसले न्हाईत. पण शेवटी पोरगी तळ्याला समजावून-उमजावून घरी आणते, तवा बापू उभे राहून टाळ्या वाजवून राहिले व्हते.

आमी तोच पिच्चर दुसऱ्या रविवारी परत लावला. बापू टेम्पो भरून माणसं घेऊन आले. सगळी त्यांच्याच टोकाकडली. येतानी सिद्धेश्वरला टेम्पो थांबवून कालव्याचं धरण जाग्यावर हाय का ते पण पाहून आले म्हणे.

काका खूश. म्हणले, "बसा बसा, सुरू करतो."

बापू म्हणले, "काका, तळं वापस येतं तेवढंच दाखवा. जातं ते आमाला पाठ हाय."

*

जाहिरातीला वैष्णवीनं एक मोठं चित्र रंगवलं. पिच्चरमधल्या आजीनं वाढलेला वाडगा, वर वाफ, आत पिवळं कायतरी, त्यावर हिरवं पान. ते आमी कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याच्या भिंतीला लावलं. खाली शोचा टाइम लिहिला.

दोन दिवसांनी ढाबेवाल्याचा फोन. "ताई, ती भाजी कोणती हो? ट्रकवाले बोट दाखवून मागून राहिले."

वैष्णवी म्हणली, "दादा, ती भाजी न्हाई, ते चित्र हाय."

"ते मला समजतं. त्यांना समजेना ना!"

आमी रविवारी जाऊन पायलं तर ढाब्याच्या पाटीवर नवं नाव, 'जपानी कढी'. चाखून पायली. आपलीच कढी, वर कोथिंबिरीची एक काडी उभी केलेली. मी म्हणलं, "ही जपानी कशी?"

ढाबेवाला म्हणला, "हातानं केलेली हाय."

*

अन नवी हळद आली. मार्केट यार्डाबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. आमचा हॉल भरायचा, पण कधी बरा, कधी निसते आपलेच पाव्हणे. काकांनी वैष्णवीला सांगून टाकलं, "पोरी, मी शब्द दिला व्हता. शेठ माप घ्यायला येणार हायेत." तरी पण रविवारचं पोस्टर तिनं लावलंच.

शेठ आले ते शो चालू असतानीच. सोबत मुनीम अन एक लांबलचक कापडी टेप. वैष्णवी दारात आडवी. "शेठ, संपू द्या ना पिच्चर."

"मी कुठं आवाज करून राहिलो? माप घेतो अन जातो." मुनीमाला बाहेर उभं केलं अन मला म्हणले, "ए पोरा, हे टोक धर. पडद्यापाशी जाऊन बस."

मी बसलो. टोक पुढं सरकवून माप चार हात कमी भरवावं असा विचार मनात आला व्हता, पण वैष्णवीकडं पाहून मस्करी सुचली न्हाई. शेठ दुसरं टोक घेऊन मधल्या वाटेनं मागच्या भिंतीकडं निघाले. निम्म्यात गेले अन अंधारातून आवाज, "ओ शेठ! खाली बसा, दिसून न्हाई राहिलं!"

शेठ बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर टेकले. टेप ताणलेलाच. एका टोकाला मी, एका टोकाला ते.

पिच्चर बाप-लेकीचा व्हता. लेक शिकायला शहरात निघाली. बाप फलाटावर सोडायला आला. तिच्या जेवणाच्या डब्याला फडकं बांधलेलं, त्याची गाठ सोडतो अन परत बांधतो. परत सोडतो, परत बांधतो. पडद्यावर निसती बोटं. जाड, नखात काळं गेलेलं, हळूहळू चालणारी. अख्ख्या हॉलएवढी बोटं.

माझ्या हातातला टेप हलला. मला वाटलं कोणाचा पाय लागला. थोड्या वेळानं परत हलला. मग निसता थरथरतच राहिला. मी वळून पायलं. शेठ समोर पाहून राहिले व्हते.

लाइट लागले. मुनीम कागद-पेन घेऊन आत आला. काका दारात, वैष्णवी माझ्या बाजूला. शेठ टेप गुंडाळून राहिले व्हते, लई सावकाश.

मुनीमानं विचारलं, "शेठ, काय भरलं माप?"

शेठनी टेपची गुंडाळी खिशात घातली.

"आज लांबी झाली. रुंदी पुढच्या रविवारी."