सहाव्या मजल्यावरचं खाचर

अंबूबाईंना मी काम दिलं असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. मी त्यांच्या दारात गेले होते ती गरजवंत म्हणून, आणि गरजवंताला अक्कल नसते तशी मला तेव्हा नव्हती.

मी तळेगावची. बागा तयार करून द्यायच्या, हा माझा धंदा. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या हिरवळी करता करता एकदम मोठं काम हाती लागलं. एक्स्प्रेसवे पुणे शहरात शिरतो त्या टोकाला अडतीस मजल्यांचे तीन टॉवर उभे राहत होते. खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, एक छोटं हॉस्पिटल, गाड्यांचे मजले. आणि या सगळ्या सहा मजली चौथऱ्याच्या छतावर बाग. बागेतून वर तीन टॉवर निघालेले. त्या छताला तिथं सगळे पोडियम म्हणत. पोडियमवर चार वाफे होते, एकेक वाफा शाळेच्या मैदानाएवढा, भोवती कमरेच्या जरा खाली येईल एवढा कठडा. त्यात माती भरून हिरवळ लावायची होती. नेमकी तेव्हाच माझी नेहमीची टोळी दुसऱ्या साइटवर निघून गेली.

तेव्हा कुणीतरी सांगितलं की आंदर मावळात आवणीच्या बाया आहेत, भाताची रोपं लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि माघ महिन्यात त्या रिकाम्याच असतात. टाकव्याच्या पुढं गाडी सोडली, तासभर चालले आणि अंबूबाईंच्या अंगणात जाऊन बसले.

वय छप्पन. उंची बेताची. कंबर तेवढी अजून लवलवती, कारण चाळीस पावसाळे तिनं वाकूनच काढलेले. आवणीच्या टोळीची त्या म्होरकी. टोळीचा एक दंडक होता: बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकत रोपं लावत जातात, आणि म्होरकीच्या आधी कुणी पाठ सरळ करायची नाही. अंबूबाई पाठ लवकर सरळ करत नसत. त्यामुळं त्यांची टोळी सगळ्या खोऱ्यात नावाजलेली होती आणि टोळीतल्या तरण्या सुना त्यांच्या नावानं बोटंही मोडत. नवरा कोंडाजी गुरं राखायचा आणि बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता, हे त्यानं स्वतःच मला पाच मिनिटांत सांगितलं.

मी हिरवळीचं गवत दाखवायला पिशवीतून काढलं. अंबूबाईंनी ते बोटांत धरून उलटंपालटं केलं आणि हसायलाच लागल्या. ही तर हरळी. जन्मभर शेतातून उपटून टाकली ती हरळी पैसे देऊन लावून घेणारी माणसं कसली असतील, हे त्यांना पाहायचंच होतं. मग हसू थांबलं आणि त्यांनी मला नीट विचारलं.

"पोरी, भात निघालं की माझ्या बारा बाया बारा दिशेला जात्यात. कुनी कार्ल्याला हमरस्त्यावर कणसं भाजती, कुनी रस्त्याची खडी वाहती. टोळी मोडती. हे काम बारा मैन्यांचं व्हईल का?"

मी खरं तेच सांगितलं. ते माझ्या हातात नव्हतं, अनंत साहेबांच्या हातात होतं. अनंत साहेब म्हणजे त्या सगळ्या बांधकामाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं होतं, की एक वाफा करून दाखवा. नीट झाला तर बागेची कायमची देखभाल या बायांकडं, नाही तर शहरातली एक कंपनी टपून बसलेलीच आहे. अंबूबाईंनी एवढंच विचारलं की टेम्पो किती वाजता येईल.

पहिल्या दिवशी बारा जणी पिवळी हेल्मेटं घालून लिफ्टमधून सहाव्या मजल्यावर आल्या. दोघींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. अंबूबाईंनी वाफ्यात पाय ठेवला, मातीत बोट खुपसलं आणि तोंड वाकडं केलं. माती कोरडी ठणठणीत होती. मी म्हटलं, आज पाणी देऊन ठेवा, उद्या लावू. एवढं बोलून मी खालच्या मजल्यावर मीटिंगला गेले. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

मागं काय घडलं ते असं. बायांनी नळी सोडली. पाणी मातीत गेलं आणि कठड्याच्या बुडाशी जी आठ भोकं होती त्यांतून भळाभळा वाहून जायला लागलं. आता ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून. हे मला ठाऊक होतं, अंबूबाईंना सांगायचं मी विसरले होते. भाताच्या खाचरात बांधाला भोक म्हणजे खेकड्याचं काम. खेकडा बांध पोखरतो, एका दिवसात खाचर रिकामं करतो. मावळातली बाई असं भोक दिसलं की बाकीचं सगळं सोडून आधी ते बुजवते. त्यात विचार करण्यासारखं काही नसतंच. अंबूबाईंनी आठही भोकं चिखल आणि पोत्याचे तुकडे कोंबून अशी पक्की बुजवली की पाण्याचा थेंब बाहेर येईना. वाफा घोट्याएवढ्या पाण्यानं भरला. संध्याकाळी नळी बंद करून त्या समाधानानं टेम्पोत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा अनंत साहेबांचा आवाज पार्किंगपर्यंत ऐकू येत होता. वाफ्याच्या बरोब्बर खाली हॉस्पिटलची विजेची खोली होती. तिच्या छतातून पाणी ठिबकत होतं. यंत्रं यायची होती पुढच्या आठवड्यात, म्हणून थोडक्यात निभावलं.

आम्ही दोघं वर आलो. बाया कठड्याशी रांगेत उभ्या होत्या. साहेब म्हणाले, या अडाण्यांना आत्ताच्या आत्ता टेम्पोत बसवा. आणि मी? मी त्यांची बाजू घ्यायला हवी होती. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. भोकं कुणाला विचारून बुजवलीत, एवढी साधी अक्कल नाही का, असं बरंच काही बोलले. त्यातलं एकेक वाक्य मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

बायांच्या माना खाली गेल्या. एकीनं तर हेल्मेट काढून खाली ठेवलं. काम गेलं, बारा महिने गेले, टोळी मोडली, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. अंबूबाईंची मान मात्र वरच होती. त्या बराच वेळ पाण्याकडं बघत होत्या.

"सायेब, भोकं मी बुजवली. व्हय, चुकलं. पन भोकं बुजवल्यावर पानी वर राहाया पायजे. ते खाली कसं ग्येलं?"

साहेब वाकून बुजवलेली भोकं बघायला लागले.

"वाहून जायची वाट मी बंद केली," अंबूबाई म्हणाल्या. "तरी पानी खाली उतरलं. म्हंजी नववं भोक हाय. ते माझं न्हाई. ते तुमच्या बांधाला हाय."

मी बांधकामांवर वावरलेली बाई, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. छताला पाणी लागू नये म्हणून त्यावर जाड लेप देतात. माती टाकण्याआधी छतावर तीन दिवस पाणी साठवून ते गळतंय का हे बघायचं, हा नियम. ती तपासणी झाल्याचा कागद होता. साहेबांनी तो मागवला. लेप देणाऱ्या ठेकेदारानं लिहिलं होतं: तीन दिवस पाणी साठवले, गळती नाही. खाली त्याची सही होती. आणि त्या सहीशेजारी, छत ताब्यात घेतलं म्हणून, दुसरी सही माझी होती. पाणी साठवलेलं मी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं, कारण ते साठवलंच नव्हतं.

मी हे तिथंच सांगून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा मारून झाल्या होत्या, आता आणखी काय राहिलं होतं? साहेबांनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी अंबूबाईंना विचारलं, भोक कुठं आहे ते सापडेल का? एवढ्या मोठ्या वाफ्यात, दीड फूट मातीखाली?

घरी असत्या तर अंबूबाईंनी भाताचं तूस आणलं असतं. इथं तूस कुठलं? टॉवरच्या दारांचं काम चालू होतं, तिथून त्यांनी सुतारांचा भुसा एक टोपलीभर मागवला. साडी खोचली, पाण्यात उतरल्या आणि पेरणी करावी तसा भुसा सगळ्या वाफ्यावर उडवला. मग सगळ्यांना म्हणाल्या, बाहेर व्हा, पाणी हलवू नका.

आम्ही कठड्यावर बसून राहिलो. अडतीस मजल्यांचं बांधकाम करणारा माणूस, त्याचे चार इंजिनिअर, मी आणि बारा बाया, सगळे एका भुशाकडं टक लावून. मला मनातून वाटत होतं की यातून काही निघायचं नाही. पंधरा मिनिटांनी कोपऱ्यातल्या भुशाची एक रेघ हळूहळू सरकायला लागली. कारंज्यासाठी छतातून वर काढलेला एक पाइप होता, त्याच्याभोवती भुसा गोळा झाला आणि संथ फिरायला लागला. अंबूबाईंनी नुसतं बोट दाखवलं.

तिथली माती उपसली. पाइपच्या कडेनं बोट जाईल एवढी फट होती. लेप तिथंवर पोचलेलाच नव्हता.

पुढं जे झालं ते वेगानं झालं. उरलेल्या तीन वाफ्यांत पाणी साठवलं, दोन गळले. तोवर माती पडली होती ती फक्त पहिल्या वाफ्यात, म्हणून सगळं दुरुस्त करता आलं. ठेकेदाराला पदरमोड करून लेप पुन्हा द्यावा लागला. एकदा का चारही वाफ्यांत माती पडून झाडं लागली असती आणि खाली हॉस्पिटल सुरू झालं असतं, तर काय झालं असतं याचा विचार करून अनंत साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. हे त्यांनीच नंतर सांगितलं.

लेप वाळल्यावर हिरवळ लावायची वेळ आली. भोकं मोकळी ठेवली होती, आणि अंबूबाई येता-जाता त्यांच्याकडं सवतीकडं बघावं तसं बघत होत्या. बारा जणी ओळीनं वाकल्या आणि मागं मागं सरकायला लागल्या. डाव्या हातात गवताची मूठ, उजवा हात मातीत. कुणाची पाठ सरळ होईना. टॉवरच्या मजल्यामजल्यावरचे कामगार हातातलं काम सोडून खाली बघत उभे. शहरातल्या कंपनीनं आठ दिवस सांगितले होते. चारही वाफे तीन दिवसांत झाले. दीड महिन्यानं बाग हिरवीगार झाली तेव्हा मी एकटी मधोमध उभी राहून रडले. सांगायला संकोच कसला, आनंदानंच रडले.

देखभालीचं बोलणं करायला अनंत साहेबांनी अंबूबाईंना ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि अडाणी म्हटल्याबद्दल माफी मागितली. मग म्हणाले, बाराही जणींना बारा महिने काम, ठरल्याप्रमाणे. शिवाय यापुढं आमच्या कुठल्याही छतावर माती पडेल ती तुम्ही पाणी भरून गळती बघितल्यावरच. वरच्या मजल्यांच्या गच्च्यांवरही बागा होणार होत्या.

मला वाटलं आता अंबूबाई हात जोडतील. त्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"बारा मैने न्हाई, सायेब. आवनीचं वीस दिस आमी येनार न्हाई. त्या दिसांत आमी आमच्या."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. वीस दिवसांची सुट्टी कागदावर आली, बाराही नावांसकट.

आषाढात मी त्यांच्या खाचरावर गेले, आवणी शिकायला. तासाभरात माझी कंबर मोडली आणि मी पाठ सरळ केली, तेव्हा अख्ख्या ओळीनं माझ्याकडं असं बघितलं की मी निमूट परत वाकले. तेवढ्यात बांधावर ठेवलेला माझा फोन वाजला. अनंत साहेब होते. दुसऱ्या टॉवरच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावरची गच्ची पाणी भरून तयार होती, माती घेऊन गाड्या दारात उभ्या होत्या, अंबूबाईंना घ्यायला ते स्वतःची गाडी पाठवत होते. फक्त अर्धा दिवस, असं तीनदा म्हणाले.

मी फोन कानाशी धरून अंबूबाईंना सगळं सांगितलं. त्या गुडघाभर चिखलात होत्या. हात थांबला नाही, मानही वर झाली नाही.

"त्यास्नी सांग, आवनी झाल्यावर येते."

मी तसं सांगितलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, थांबतो.

मातीच्या गाड्या परत गेल्या. अठ्ठाविसाव्या मजल्यावरचं पाणी अकरा दिवस तसंच भरून राहिलं.