पत्ता नको, पगार कुठला?

"पत्ता नको, काका. पगार कुठला ते सांगा."

असं म्हणत बाई पेनाचं टोपण दातांनी काढायच्या आणि ते तोंडात तसंच धरून लिहायला लागायच्या. वूस्टरच्या सरकारी कचेरीत, काचेच्या पलीकडे. मूल आईबापांतल्या एकाजवळ राहतं आणि दुसरा खर्च द्यायचं टाळतो, तर त्याच्याकडून तो वसूल करायचा, हे बाईंचं काम. मूळच्या नागपूरच्या. कितीतरी वर्षं अमेरिकेत काढलेली, तरी तापल्या की थेट नागपूर तोंडात यायचं.

मी चौथी शिकलेला. एसटीच्या डेपोत टायर खोलण्यात जन्म गेला. ते सांगायला मला लाज नाही. लेक इथे श्रूजबरीला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. जावई तिला आणि नातीला सोडून पार ॲरिझोनात, चँडलरला निघून गेला. नातीच्या खर्चाचा आकडा कोर्टाने ठरवून दिला होता. दोन महिने आला आणि बंद. मग लेक शनिवार-रविवारचीही ड्युटी घ्यायला लागली. आठ वर्षांची नात दर शुक्रवारी मला विचारायची, "आबा, इज आई होम टुमॉरो?"

लेकीला सुट्टी मिळेना, म्हणून तिने परवानगीच्या कागदावर सही करून मला कचेरीत पाठवलं. मी जाऊन जावयाच्या पत्त्याचा कागद काचेवर आपटला. म्हटलं, "मला त्याचा पैसा नको. मी चँडलरला जातो आणि त्याची गचांडी धरतो."

"बाप्पा! काहून इतके तापता? विमानाचं भाडं पडते त्याला. मी इथं बसून धरते ना."

"पैसा नको म्हणतोय मी."

"नको म्हणणारे तुम्ही कोण? तुमचा आहे का?"

"नाही."

"लेकीचा?"

मी काचेवरचा कागद सरळ करायला लागलो.

"तिचाही नाही. पोरीचा आहे. पोरीला विचारलं का, तुला नको का म्हणून?"

डेपो मॅनेजरनंतर मला इतकं कोणी झापलं नव्हतं. बसस्टॉपपर्यंत धुमसत गेलो. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की नातीला खरंच कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो.

बाईंची रीत समजली की तुम्हालाही मजा वाटेल. माणूस दुसऱ्या राज्यात आहे ना? असू दे. त्याच्या दारात जायचंच नाही. हुकूम सरळ त्याच्या कंपनीला पाठवायचा. पगार हातात पडायच्या आधीच कंपनी पोरीचा वाटा कापून पाठवते. फक्त कंपनी कळायला हवी, आणि जावई त्यातच हुशार. हुकूम पोहोचायचा आणि हा नोकरी सोडून गेलेला. असं दोनदा झालं.

"हं. उडाला," बाई म्हणायच्या. "बसेल पुन्हा. नोकरीची खबर आमच्याकडे यायला वेळ लागते, तेवढ्यात हा उडते. एकदा त्याच्याआधी पोचलो पाहिजे."

लेकीची एक मैत्रीण चँडलरला आहे. तिकडच्या मराठी मंडळाने गणपतीला स्मरणिका काढली. तिच्यात या मैत्रिणीची कविता छापून आली, म्हणून तिने सगळी स्मरणिका लेकीच्या फोनवर पाठवली. लेकीने कविता वाचली, "छान" लिहिलं आणि फोन माझ्याकडे दिला.

मी अक्षराखाली बोट ठेवून वाचतो. एकदा सुरू केलं की सोडत नाही. कविता वाचली, अध्यक्षांचं मनोगत वाचलं, जाहिराती वाचल्या. शेवटी देणगीदारांची यादी. शिकलेली माणसं ती कधी वाचत नाहीत. महाप्रसादाच्या देणगीदारांत जावयाचं नाव! वडिलांच्या स्मरणार्थ! आणि खाली एका कंपनीचं नाव, "तितकीच भर घातल्याबद्दल आभार."

माझं बोट तिथेच थांबलं. इथल्या कंपन्यांची ती पद्धत मला लेकीने सांगितली होती. नोकराने देणगी दिली की कंपनीही तेवढीच देते. पण आपल्याच नोकराच्या देणगीवर, परक्याच्या नाही. म्हणजे गडी त्याच कंपनीत!

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभा. फोन काचेला लावला. बाई वाचत गेल्या आणि तोंडातलं टोपण टेबलावर पडलं.

"काका! गणपतीला जेवू घातलं आणि पोरीला नाही?" त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या खिडकीतला गोरा दचकला. "खात्री करून आजच पाठवते. या वेळी आपण पुढे! पण काका, तोंड बंद. त्या मैत्रिणीलाही शब्द नाही."

माझं तोंड बंद राहणं म्हणजे काय ते आमच्या डेपोला विचारा. पाच आठवडे कसे काढले माझं मला माहीत. अधूनमधून जायचो, बाई काचेतूनच मान हलवायच्या, नाही. मग एका गुरुवारी मी दारात पाय टाकला आणि बाई खुर्चीतून उठल्या. रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यावरून त्यांनी हात वर केला आणि हवेतच मूठ आवळली. कोणाची तरी गचांडी धरावी तशी.

मी भर कचेरीत शिट्टी मारली. या वयात!

दुसऱ्याच दिवशी बेसनाचे लाडू घेऊन गेलो. बाई हात लावेनात. "इथं काही घेता येत नाही, काका."

"एक लाडू?"

"अर्धा पण नाही. हा गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा उतरला ना, की खाईन. दोन खाईन."

नातीचा वाटा यायला लागला, तशी लेकीने शनिवारची ड्युटी सोडली. पहिल्या शनिवारी मायलेकींनी अकरा वाजेपर्यंत अंथरुणातच पोहे खाल्ले. चादरीवर हळद सांडली, तरी मी काही बोललो नाही.

गेल्या महिन्यात कळलं, बाई निवृत्त होताहेत. मी लाडवांचा डबा भरून निघालो. काचेपलीकडे दुसरीच बाई. आमच्या बाई चार दिवसांपूर्वीच गेल्या होत्या, गाजावाजा न करता. पत्ता विचारला तर म्हणाली, देता येत नाही. आणि पगार कुठला विचारावा, तर तो आता त्यांना नाही.

मी बाकावर बसलो. शेजारी कुठल्याशा तिसऱ्याच देशातली एक बाई, मांडीवर पोर, हातात घामाने ओला झालेला कागद. कागदावर कोणाचा तरी पत्ता. ती तो पुन्हा पुन्हा वाचत होती.

माझं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे. तरी म्हटलं, "ॲड्रेस नो. सॅलरी व्हेअर?"

तिने कागद उलटा केला. मग पिशवीत पेन शोधायला लागली. मी डबा उघडून तिच्यापुढे धरला.

तिने दोन घेतले.