आत्याच्या दोन ओळी

कमीबाई हे नाव तिला स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलं होतं. गाण्यात एखादं वाद्य ऐकू येईना की बाकीचे त्याचा आवाज वाढवायचे, मग दुसरं दबायचं, मग तेही वाढवायचे, आणि शेवटी नुसता कालवा. ही मात्र गिटार जरा खाली घ्यायची, झांजेचा कर्कशपणा काढायची, की हरवलेली बासरी आपोआप पुढे यायची. मिक्सिंग म्हणजे सगळ्यांना बसायला जागा करून देणं, एवढंच तिचं म्हणणं. ते कुणी ऐकून घेतलं असेल तर शपथ!

त्या दिवशी तिचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. समोरच्या गाण्यात तिच्या आत्याच्या दोन ओळी होत्या. आत्या जन्मभर कोरसमध्ये गायली. माइकपासून पाऊलभर मागे उभं राहायचं, आपला आवाज कुणाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, ही तिची शिस्त. इतक्या गाण्यांत ती होती आणि एकातही ओळखू येत नव्हती. संगीतकाराने पहिल्यांदाच तिला एकटीला गायला लावलं होतं. आणि मुख्य गायक, म्हणजे निर्मात्याचे जावई, खुर्चीत रेलून फर्मावत होते, "त्या बाईंना मागे टाका हो. माझा आवाज वर घ्या."

"तुमचा वरच आहे," कमीबाई म्हणाली.

"अजून वर!"

निर्लज्जपणाची कमाल! या माणसाचे सूर जागेवर बसवताना तिच्या नाकी नऊ आले होते, आणि याला म्हातारीच्या दोन ओळी खुपत होत्या. भांडावं, तर निर्मात्याने आत्याला सरळ काढूनच टाकलं असतं. तिने राग गिळला आणि टेबलाच्या टोकाची, आवाज कमी-जास्त करायची एक सरकपट्टी त्याला दाखवली. ती पट्टी कशालाच जोडलेली नव्हती. असल्या पाहुण्यांसाठीच तिने ती राखून ठेवली होती.

"तुम्हीच करा. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

जावईबापूंनी डोळे मिटून पट्टी वर सरकवली. "आहाहा! बघा, आता कसा उठला आवाज! हेच पाठवून द्या." आणि खुशीत निघून गेले.

दुपारी तिने आत्याला बोलावून घेतलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. आत्याची पहिली ओळ आली, स्वच्छ, श्वासासकट. आत्या दचकली.

"अगं, काहीतरी चुकलंय तुझं. माझा आवाज वेगळा ओळखू येतोय. कमी कर, कमी कर!"

कमीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचा आवाज ऐकू आला तर या बाईला ती चूक वाटावी? काय करून ठेवलं होतं तिचं या लोकांनी!

"नाही करणार!" ती ओरडली. "सगळ्यांनी जन्मभर दाबलंय तुला. आज मी काही म्हणजे काही कमी करणार नाही!"

आत्याने हात वर करून तिला थांबवलं.

"ओरडू नकोस गं," ती म्हणाली. "माझी दुसरी ओळ येतेय."