दिवेलागणीनंतरचा केर

संगणकातली जागा कुणीतरी चोरतंय, अशी माझी जवळजवळ खात्रीच पटली होती. मी घरी डीटीपीची, म्हणजे संगणकावर टाइप करून पानं लावून द्यायची, कामं घ्यायचे. रोज सकाळी डिस्कवर किती जागा उरली ते बघायचं, तर ती आणखी कमी झालेली. गाणी उडवली, गेम उडवले, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. व्हायरस असेल तर लोकांची सगळी कामं जातील, या धास्तीनं मला घास गिळवत नसे.

त्या दिवशी हरसूलकडच्या भातशेतीवर पीएच.डी. करणाऱ्या एक बाई माझ्या शेजारी बसून शेवटच्या प्रकरणातल्या दुरुस्त्या तोंडीच सांगत होत्या. प्रबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. दुपारी सेव्ह झालं होतं, त्यानंतरचं सगळं नुसतं पडद्यावर. त्या बस गाठायला पळाल्या आणि मी सेव्ह दाबलं. डिस्क फुल. पुन्हा दाबलं. डिस्क फुल. आकृत्यांनी फाइल एवढी फुगलेली, की फ्लॉपीतही मावेना.

तिन्हीसांज झाली होती आणि लाइट जायची वेळ आलीच होती. भारनियमन तेवढं आमच्याकडे वेळेवर यायचं. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली.

देवाजवळ दिवा लावून बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झाल्यापासून संध्याकाळी लाइट परत आले की संगणक त्यांचा असायचा. शिकतोय, म्हणायचे.

"बाबा, तुम्ही काही केलंत का यात?" मी खेकसलेच.

"मी काही ठेवत नाही गं. चुकलेलं सगळं कचरापेटीत टाकतो."

मी शिफ्ट दाबून थेट उडवणारी, त्यामुळे रिसायकल बिनकडे कधी फिरकत नसे. उघडली तर तुडुंब. नुसते स्कॅन. प्रत्येकाचं नाव 'आई', पुढे आकडा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात तिचा एकच फोटो, तोही ग्रुपमधला; त्यातला तिचा नखाएवढा चेहरा बाबा स्कॅन करून मोठा करून बघायचे. तसा एक स्कॅन मी मागे पाहिला होता. नाक-डोळे हरवून नुसते करडे चौकोन झाले होते. मला वाटलं, बाबांनी तेव्हाच नाद सोडला असेल.

"मग ही रिकामी का नाही केलीत?"

"दिवे लागल्यावर केर बाहेर टाकायचा नाही. तुझी आई टाकू द्यायची का? आणि सकाळी मशीन तुझ्याकडे."

खरंच होतं. आईच्या राज्यात संध्याकाळचा केर दाराआड थांबायचा, सकाळीच बाहेर जायचा.

"आज टाकायलाच हवा, बाबा," मी म्हटलं, पण माझं बोट हलेना. शेवटी त्यांनीच माउस हातात घेतला आणि बिन रिकामी केली. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली. मी सेव्ह दाबलं. सेव्ह झालं.

आणि लाइट गेले. मी वेड्यासारखी हसत सुटले.

देवाजवळच्या दिव्याच्या उजेडात बाबा माझ्याकडे बघत होते. "मला तिचा चेहरा हल्ली नीट आठवत नाही," ते म्हणाले. "तुला दिसतो का गं?"

मी डोळे मिटले. मलाही नुसते करडे चौकोनच दिसले.

"दिसतो की," मी म्हटलं.

"मग सांग ना," बाबा म्हणाले.