रोजचा चाकू

टेंभुर्णीजवळ मित्राच्या शेतात मी माझ्या संग्रहातले घडीचे चौदा चाकू घेऊन गेलो होतो. गोठ्यामागच्या दगडी बांधावर ते ओळीनं मांडले आणि मागे कडब्याची गंज येईल असे फोटो काढू लागलो. तेवढ्यात शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. हात पाठीमागे बांधून, वाकून, त्यानं एकेक चाकू निरखला. हात मात्र एकालाही लावला नाही.

"लई देखणे हायत. ह्यातला तुमचा कंचा?"

"सगळे माझेच."

"तसं न्हाय. रोजचा कंचा?"

त्यानं बंडीच्या खिशातून स्वतःचा चाकू काढला. घासून घासून पातं गवताच्या पातीएवढं उरलं होतं. मी हात पुढे केला, तर त्यानं तो बांधावर ठेवला.

"चाकू हातात देत न्हाईत. भांडान हुतं."

मी उचलून पाहिला. मुठीला त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. फोटो काढू का, असं विचारलं.

"काढा की. पर बिगीनं. शेळ्या पुढं गेल्या."

घरी आल्यावर चौदांतला सगळ्यात महागडा चाकू मी कांदा चिरायला घेतला. अंगठा कुठं ठेवायचा, तेच कळेना.