‘धीर धरा’ची चाल

कळंबचे वामनराव देवपुजारी पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण लोक त्यांना ओळखत ते गाण्यांच्या चालींमुळे. तरुणपणी ते रेडिओ मॉस्कोचा हिंदी कार्यक्रम ऐकायचे. त्यात एका रशियन संगीतकाराची गाणी लागत. शब्द कळत नसत, तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत पाय ठेका धरायचा. एक माणूस खोलीत बसून चाल बांधतो आणि अख्खा देश ती रस्त्यात म्हणतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. “असं एक तरी गाणं आपल्या हातून व्हावं,” ते बायकोला म्हणत.

कापसाच्या जिनिंग गिरणीतल्या कामगारांचा मोर्चा असो की साक्षरतेची फेरी, वामनराव पेटीवर बसत आणि त्यांची बायको सुमेधा गायची. “इथे श्वास घ्यायला जागाच नाही ठेवली तुम्ही,” असं ती म्हणाली, की ते मुकाट्यानं चाल बदलत.

ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत सुमेधा गेली. मुलगा सलील पुण्यात. तो बोलवायचा, हे जायचे नाहीत. पेटीवर धूळ बसली. वर्षभरानं, कापूसपट्ट्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावातून शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी येत होती तेव्हा, सरकारी प्रचाराचं काम बघणारे एक साहेब घरी आले. त्यांना ‘धीर धरा’ असं गाणं हवं होतं. “चाल उडती पाहिजे. लोकांच्या तोंडी बसली पाहिजे.”

वामनरावांनी एका दुपारीच चाल बांधली. श्वासाला जागा आहे की नाही, हे सांगायला घरात कोणी नव्हतं. गाणं रेकॉर्ड झालं, भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरू लागली. पोरं शाळेत जाताना तेच गाणं म्हणायची. वामनराव सुखावले. लोक कसे ऐकतात ते बघावं म्हणून एकदा जीपमध्ये बसून मारेगावकडे गेले.

एका गावात जीप वळली, तशी एक बाई हात आडवा करत समोर आली. तिचं नाव हंसाबाई. “बंद करा ते! माहा भाऊ गेला परवा. घरात रडारड चालू हाये आन् तुमी हे वाजवून राह्यले!”

ड्रायव्हरनं घाईनं गाणं बंद केलं.

“कोनं केलं हे गाणं?”

“चाल माझी आहे,” वामनराव खाली उतरत म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या घरचं कोनी गेलं नाही काय कधी?”

“बायको गेली. मागच्या वर्षी.”

“मंग तवा हे वाजवलं असतं काय तुमी?”

वामनरावांनी ड्रायव्हरला जीप मागे वळवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. चाल बदलून देतो म्हणाले. साहेब हसले. “अहो, इतकी गाजतेय! आता कशाला हात लावता?” गाणं वाजतच राहिलं. बसस्टँडवर, बाजारात ते कानी आलं, की वामनराव रस्ता बदलायचे. घरी बसून त्यांनी त्याच शब्दांना संथ चाल लावली. ती ऐकायला कोणी नव्हतं.

वेचणीच्या दिवसांत ते एसटीनं हंसाबाईच्या गावी गेले. ती शेतातून नुकतीच आली होती, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले.

“दुसरी चाल केली आहे. म्हणून दाखवू?”

“नको जी,” ती थकून म्हणाली. “गानं ऐकावंसंच वाटत नाही मले. बसा, चहा ठेवते.”

चहा पिऊन झाला. मग तिनं विचारलं, “बाईचं नाव काय होतं?”

“सुमेधा.”

“कशी होती?”

भेटायला येणारे सगळे पेन्शनचं, तब्येतीचं, पुण्याला कधी जाणार याचं विचारत. हे कोणी विचारलं नव्हतं. वामनराव बोलू लागले. ती पहाटे उठून रियाज कशी करायची, कुठल्या ओळीला अडायची, आजारपणात आवाज गेला तेव्हा कशी चिडायची. हंसाबाई तांदूळ निवडत ऐकत राहिली, मधेच “मंग?” म्हणत.

शेवटची एसटी निघून गेली. हंसाबाईनं न विचारताच त्यांच्यासाठी एक जास्तीची भाकरी थापली.