अण्णाचा शॉकअप

आमच्या अण्णाच्या सायकलमागे मांजरं लागायची. सायकल ओळखायची ही एक खूण. दुसरी खूण तिचं पुढचं चाक. इतरांच्या गिअरच्या सायकलींना पुढे एकमेकींत सरकणाऱ्या नळ्यांचा शॉकअप असतो. माझ्या ह्या थोरल्या भावानं तो काढून तिथे पोलादी पट्ट्या आणि चार सांधे बसवले होते. जन्मभर ट्रॉलरची इंजिनं उघडणारा माणूस, त्याला कोण अडवणार?

नळ्यांवर त्याचा जुना राग. "ब्रेक मारलो काय सायकल नमस्कार घालता," म्हणायचा. पट्ट्यांची सायकल मात्र धामापूरच्या उतारावरही मान ताठ ठेवून थांबायची. पण तिचं वजन वाढलं आणि खाऱ्या हवेत सांधे कुरकुरायला लागले. मग ह्या गृहस्थानं होडीच्या लाकडाला चोपडतात ते मुशी माशाचं तेल त्यांत ओतलं. कुरकुर थांबली, मांजरं सुरू झाली. "मांजरांक तरी माझा काम आवडला," म्हणाला.

पुढे साखरेच्या आजारानं त्याचे तळहात बधिर होत गेले. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. सायकल सुटली तर अण्णा खाटेला लागेल, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. निदान पट्ट्यांचा शॉकअप तरी मऊ आहे, हातांना दणके बसत नाहीत, असं मी मनाला समजावत होते. तर एका सकाळी हा पडवीत बसून जुन्या नळ्या परत लावतोय.

"अरे, मनगटां दुखतली तुजी," मी म्हटलं.

"दुखांदेत गो. हो पट्ट्यांचो शॉकअप दणको गिळता खरो, पण दणक्यावांगडा रस्तोय गिळता. दगड खंय, रेव खंय, माझ्या हातांक कायच कळणा नाय. दुखला तर कळतला तरी."

त्यानंतर तो तोंड वाकडं करत का होईना, शेवटपर्यंत सायकल चालवत राहिला.

यंदा तो झोपेतच गेला. मी रडले नाही. माणसं येऊन गेली, बारावं-तेरावं झालं. हातातला चहा गरम की गार, तेही मला कळत नव्हतं. "घट्ट आसा बाई," शेजारणी म्हणाल्या. मला तसंही काही वाटलं नाही.

महिन्याभरानं मी अण्णाची सायकल बाहेर काढली. धामापूरच्या उतारावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला. सायकलनं नमस्कार घातला आणि दणका मनगटांतून थेट खांद्यापर्यंत गेला. म्हैस निघून गेली. मी कडेला बसले, दुखरी मनगटं मांडीवर घेऊन, आणि मला रडू आलं. अण्णा गेला, हे मला तिथे कळलं.